गुरूच्या वाटेवर, उलटा

मी आकाशातली नाही.
मी पाण्याच्या पंपाची.
कॅमेरा तापू नये म्हणून त्याच्या पोटातून
रात्रभर जे गार पाणी फिरतं
त्याचा काटा बघणं, एवढंच माझं काम.
इथे हालेआकालाच्या माथ्यावर
थर्मासातला चहा अर्ध्या तासात निवतो,
बोटं त्याच्याही आधी.

ओगावा, रात्रपाळीचा पोरगा,
खिशात कायम खारवलेली आलुबुखारं,
एकदा रात्री दोनला मला पडद्याजवळ ओढत म्हणाला,
"नोहेआ, हा बघ. हा उलटा जातो."

एक ठिपका. कचऱ्यासारखा.
मी म्हटलं, काच पुसू?

हसला. मग सांगतच बसला :
ग्रह सगळे एका अंगानं फिरतात,
घाण्याला जुंपल्यासारखे.
आणि हा जेमतेम तीन किलोमीटरचा दगड
गुरूचीच वाट धरतो,
गुरूसारखाच बारा वर्षांचा फेरा घेतो,
पण समोरून.
दर फेऱ्यात दोनदा गाठ पडते.
एकदा हा आतल्या बाजूनं निसटतो, एकदा बाहेरच्या.
पहिल्या भेटीत गुरू त्याला जेवढा ओढतो
दुसऱ्या भेटीत तेवढंच परत करतो.
लाखो वर्षं चाललंय. टक्कर नाही.

"म्हणजे भांडण मिटलेलं नाही," मी म्हटलं,
"नुसतं वेळापत्रक जमलंय."
ओगावानं ते वहीत लिहून घेतलं.
कशाला, कोण जाणे.

पहाटे चारला मी उतरते.
नेमके तेव्हाच सूर्योदयवाले चढत असतात,
भाड्याच्या जीपा, हॉटेलच्या चादरी पांघरलेली माणसं,
डोंगराला गुंडाळलेली दिव्यांची माळ,
आणि त्या माळेच्या विरुद्ध
मी एकटी, दुसऱ्या गिअरमध्ये.
रस्त्याला कठडा नाही.
चौथी मिनीबस रुफिनोची.

रुफिनो आगबायानी.
आजोबा इलोकोसहून ऊस तोडायला आले, ते इथलेच झाले.
नऊ वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो,
एका किल्लीवर, एका तव्यावर.
मग नाही राहिलो.
कारण माझ्याकडे एक आहे, त्याच्याकडे एक आहे,
दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

गुरांच्या जाळीनंतरचं तिसरं वळण.
पहाटे तिथे मी दरीच्या कडेला, तो डोंगराला खेटून.
संध्याकाळी तो सूर्यास्तवाल्यांना घेऊन उतरतो, मी चढते,
तेव्हा डोंगर माझा, दरी त्याची.
तो दिवे खाली करतो.
मी करते.
याला बोलणं म्हणायचं असेल तर
सहा वर्षं आम्ही रोज दोनदा बोलतोय.

फेब्रुवारीत आठवडाभर
चौथ्या बसवर दुसराच कुणी होता,
डोळ्यांत दिवे खुपसत जाणारा.
त्या आठवड्यात मी दोनदा काट्याची नोंद चुकवली.
ओगावाला विचारलं,
"समज, एखाद्या फेऱ्याला गुरूच आला नाही तर?"
"तसं होत नसतं," तो म्हणाला.
शिकलेल्या माणसांचं एक बरं असतं.

आठव्या दिवशी धुकं.
वळणावर, रस्त्याच्या मधोमध, नेने हंसांची जोडी,
कसली म्हणून घाई नसलेली.
मी थांबले. समोरची बस थांबली.
त्याची काच खाली आली.
डाव्या मनगटाला पट्टी.

"आईचा गुडघा?"
"चालते आता. हाताला काय?"
"शिडी घसरली. छप्पर गळत होतं."

मला ते छप्पर माहीत आहे.
उत्तरेचा कोपरा, न्हाणीच्या वर.

बसमधले सगळे उठून हंसांचे फोटो काढत होते.
हंस पलीकडे गेले, एक जरा लंगडत.
तो वर निघाला. मी खाली.

कुलाच्या उतारावर निलगिरीचा वास आला
आणि मागच्या आरशात उजाडलं.
घरी येऊन बूट न काढता
मी पडवीतल्या फळीमागे डांबराचा डबा शोधला.
सापडला. अर्धा भरलेला.
झाकण वाळून घट्ट बसलंय.
स्क्रू-ड्रायव्हर शेजारीच ठेवलाय.